तांबूचा खांदा आणि दुपारची पुडी

“सांधा पुन्हा निसटला आहे,” गुरांचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा हात आमच्या कुत्र्याच्या, तांबूच्या डाव्या खांद्यावर होता आणि नजर आम्हां दोघांकडे. “याला जागचं हलू द्यायचं नाही असं सांगितलं होतं. हा रस्त्यावर गेला कसा?”

“परसाचं दार माज्याकडनं उघडं राह्यलं,” माझी पत्नी जानकी म्हणाली.

दार उघडे राहिले होते, हे खरे होते. परंतु त्या दारातून तांबू बाहेर का गेला, हे तिला ठाऊक नव्हते आणि मला होते. डॉक्टरांनी मग माझ्याकडे वळून विचारले, “औषध ठरल्यापेक्षा जास्त तर गेलं नाही?”

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही सांगितलंत तेवढंच.”

हे उत्तर खोटे होते, हे मी पुढे बरीच वर्षे मनात झाकून ठेवले. ज्यांच्या घरी एखादे मुके जनावर दुखणे घेऊन पडले आहे, आणि ज्यांच्या हातात त्या दुखण्यावरची गोळी आहे, त्यांच्यासाठी आज ते उघड करीत आहे. हातात गोळी असणे ही किती मोठी सत्ता आहे, ते मला फार उशिरा कळले.

पनवेलला रेल्वे यायच्या आधीची ही गोष्ट. मी एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि मी खिडकीआड उभा राहून मिक्सचरच्या बाटल्या भरी, पूड वाटी, कागदाच्या पुड्या बांधी. दवाखाना सकाळ-संध्याकाळ चाले. दुपार माझी असे. आमचे घर गावाच्या खाडीकडच्या टोकाला होते. परसापलीकडे बांध, आणि बांधापलीकडे मिठागरे. उन्हाळ्यात तिकडे नुसते पाहिले तरी डोळे मिटत. पांढऱ्या राशी उन्हात अशा थरथरत, की त्या जमिनीवर आहेत की पाण्यावर, ते ठरवता येत नसे.

मिठागरात राबणारी माणसे सकाळी आमच्या दारावरून जात. कुणाची पाठ धरलेली असे, कुणाचा खांदा भरून आलेला. ती ओट्याशी थांबत आणि मी त्यांना एपीसीची पुडी देई. एपीसी म्हणजे ऍस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन या तीन औषधांची एकत्र केलेली पूड. पहिली दोन ताप आणि दुखणे उतरवतात; तिसरे चहा-कॉफीत असते, ते तरतरी आणते. माणूस पुडी जिभेवर टाकी, तांब्याभर पाणी पिई आणि फावडे उचलून चालू लागे. माझा मेहुणा धर्मा मिठाची गाडी हाकीत असे. तो चारचौघांत सांगे, “आमच्या दाजींच्या पुडीनं मेलेला मानूस पन उठून मिठागरात उभा राहील.” लोक हसत. मीही हसे, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडे.

तांबूला धर्मानेच आणले होते. जानकीचे माहेर गव्हाण गावचे. आमची एकुलती मुलगी लग्न होऊन उरणला गेली, त्यानंतर जानकीचे घरातले बोलणे हळूहळू आटत गेले. धर्माने ते पाहिले असावे. एके दिवशी त्याने गाडीतून एक टोपली उतरवली. टोपलीत तांबूस रंगाचे, ओल्या नाकाचे कुत्र्याचे पिल्लू झोपलेले होते.

“बाय, याला दोन म्हयने सांबाळ,” तो बहिणीला म्हणाला. “नाय आवडला तर परत नेतो.”

“आनि याला आवडली नाय मी, तर?” जानकीने विचारले.

“तर तुला नेतो.”

त्या दिवसापासून घरात पुन्हा बोलणे सुरू झाले. ती तांबूशी बोले आणि मी ते ऐके. तांबू मोठा झाला तसा त्याने एक छंद लावून घेतला. धर्माच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज दुरून आला की तो धावत जाई, उडी मारून गाडीत चढे आणि आमच्या दारापर्यंत एखाद्या मामलेदारासारखा मिठाच्या पोत्यांवर बसून येई.

एका सकाळी ती उडी चुकली. पुढचा पाय चाकाच्या आऱ्यांत गेला आणि धर्माने बैल आवरेपर्यंत चाक थोडे फिरले.

धर्माने त्याला उचलून आणले तेव्हा तो ओरडत नव्हता. डावा पाय खांद्यापासून लोंबत होता, पंजा बाहेरच्या बाजूला वळला होता. जनावर ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असे कुणी समजू नये. तो फक्त आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होता, जणू आमच्यापैकी कुणाला तरी यातले काही समजत असेल.

सरकारी गुरांच्या दवाखान्यात त्या दिवशी बैल, म्हशी आणि एक फुगलेल्या पोटाची शेळी होती. चिंचेच्या सावलीत सारे बसून होते. एका म्हशीवाल्याने मला ओळखले.

“काय कंपाउंडर, माणसांची गिऱ्हाईकं संपली का?”

“आजच्यापुरती,” मी म्हणालो.

“मग माज्या म्हशीला पन एक पुडी बांधा. कालपासून तोंड फिरवून बसलीय, आमच्या सासूबाईवानी.”

जानकीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तांबूचे डोके तिच्या मांडीवर होते. मिठाचा, शेणाचा आणि फिनेलचा मिळून एक वास येत होता. मला वाटले, हे सारे कुणी तरी मला सांगत असलेले स्वप्न आहे, आणि सांगणारा थांबला की आम्ही तिघेही ओट्यावर जागे होऊ.

डॉक्टर देशावरचे होते, हात बैलांना सरावलेले, पण तांबूच्या खांद्यावरून त्यांची बोटे फार हलके फिरली. “शोल्डर डिसलोकेशन,” ते म्हणाले. म्हणजे बाहूच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या खोबणीतून निसटला होता. हाड मोडलेले नव्हते. परंतु सांध्याला धरून ठेवणारे चिवट बंध, ज्यांना लिगामेंट म्हणतात, ते ताणले जाऊन थोडे फाटले असावेत. त्यांनी तांबूला भुलीचे इंजेक्शन दिले, पाय ओढून सांधा जागेवर बसवला आणि पाय दुमडून छातीशी बँडेजने बांधून टाकला.

मग त्यांनी औषध सांगितले. आधी पोटभर खायला घालायचे, आणि मगच ऍस्पिरिनची अर्धी गोळी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्यावर काही नाही.

“दुपारी दुखेल त्याला,” मी म्हणालो. “मात्रा उतरलेली असेल.”

“दुखू दे थोडं,” डॉक्टर म्हणाले. “झोप लागेल आणि अन्न पोटात जाईल, इतपतच दुखणं कमी करायचं. बाकीचं राहू द्यायचं. माणसाला ‘पडून राहा’ म्हणून सांगता येतं. याला तेवढं उरलेलं दुखणंच सांगेल.”

मी मान डोलावली. बाहेर पडताना मात्र मनात म्हणालो, बैलांच्या डॉक्टरांना दुखण्यातले काय कळणार. माझे उभे आयुष्य माणसांचे दुखणे उतरवण्यात गेले होते. दुखणे शिल्लक ठेवण्याची कल्पना मला कंजूषपणाची वाटली.

पहिले काही दिवस सांगितल्याप्रमाणे गेले. जानकी सकाळी बोंबलाच्या कालवणात भात कुस्करी, तांबू खाई, मग मी गोळीची पूड दुधात देई. तो पडवीत गोणपाटावर पडून राही. झोपेत त्याचे सुटे पाय हलत. स्वप्नात तो बांधावरून पळत असावा. मीही डोळे मिटून त्याच्यामागून जाई. मिठाच्या राशी दोन्ही बाजूंनी मागे सरत. त्या पळण्यात त्याचे चारही पाय मोकळे असत.

दुपारी मात्र तो कण्हे. आवाज मोठा नसे. बिजागरीतून वारा यावा तसा बारीक, थांबून थांबून येणारा. माझी ती विश्रांतीची वेळ. मी कुशी बदली, कानावर धोतराचा सोगा घेई. त्याचे दुखणे मला सहन होत नव्हते की त्याचे कण्हणे, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर सोपे होते.

एका दुपारी जानकी पाण्याला गेली असता मी उठलो, डब्यातली एपीसीची पुडी सोडली आणि तिच्यातली निम्मी गुळाच्या खड्यात घालून तांबूला चारली. त्याने ती माझ्या तळहातावरून अलगद उचलली. थोड्या वेळाने कण्हणे थांबले. मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दुपारी मी तेच केले. नंतर ती सवयच झाली.

तांबूचे डोळे चमकू लागले. तो मान उंचावून पाही, शेपटीने गोणपाट झोडपी. जानकी म्हणाली, “आता बरा वाटतंय हो याला.” मला आनंद झाला. आपल्या हाताला गुण आहे, असे वाटले. कॅफीन काय करते हे मला पाठ होते. एका बांधलेल्या पायाच्या कुत्र्याच्या अंगात तरतरी भरणे म्हणजे काय, हे त्या पाठांतरात कुठे नव्हते. माणसांच्या दवाखान्यातला माणूसच ही चूक करू शकतो. दुखणे गेलेले दिसले की रोगी बरा झाला, असे मी खिडकीतून वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. पुडी घेऊन गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, ते खिडकीतून दिसत नसे.

परसाच्या दाराचेही सांगितले पाहिजे. दोन्ही हातांत भरलेल्या कळशा असल्या की जानकीला कडी लावता येत नसे. दार तसेच लोटलेले राही. मी ते अनेकदा पाहिले होते. तांबूही पाही. पण उठायला गेला की खांदा दुखे आणि तो पुन्हा मान टेकी. डॉक्टर म्हणाले होते तसे दुखणेच त्याला राखत होते.

त्या दिवशीही दार लोटलेलेच होते. दुपार कलत होती. मी अर्धवट झोपेत होतो आणि बांधावरून घुंगरांचा आवाज आला. तो मला स्वप्नातलाच वाटला. मग पडवीत नखे खरखरली. मी डोळे उघडले तेव्हा गोणपाट रिकामे होते.

तांबू तीन पायांवर दारातून गेला होता. बँडेज सैल करून चौथाही पाय त्याने सोडवला होता. रस्त्याच्या कडेच्या चरावरून त्याने उडी घेतली, आणि तो त्याच खांद्यावर पडला. धर्माने बैल सोडून दिले आणि धावला. कळशी घेऊन येणारी जानकी दारातच थबकली. तिने आधी तांबूकडे पाहिले आणि मग दाराकडे.

त्यानंतरचे दवाखान्यातले बोलणे मी सुरुवातीस लिहिले आहे.

खोट्या उत्तराचा परिणाम तिथेच संपला असता तर कदाचित मी स्वतःला समजावलेही असते. परंतु डॉक्टरांनी माझ्या शब्दावर हिशेब बांधला. आतापर्यंत औषध फार थोडे गेले आहे, असे धरून त्यांनी दुसऱ्यांदा सांधा बसवला आणि दुखणे अधिक असणार म्हणून ऍस्पिरिनची मात्रा थोडी वाढवली. मी ती गोळ्यांची पुडी हातात घेतली. तेव्हाही बोललो नाही. घरी गेल्यावर मात्रा आपणच कमी करू, असा विचार मनात आला. पण जानकीने गोळ्या स्वतःकडे घेतल्या होत्या. तिला आता कुणावर सोपवायचे नव्हते. तिला चूक भरून काढायची होती.

तांबूने अन्न सोडले. मग ओकारी झाली, आणि मग शौचास काळी, डांबरासारखी झाली. अशी काळी, चिकट शौच म्हणजे पोटात कुठे तरी रक्त झिरपते आहे, ही गोष्ट दुखण्यावरची औषधे देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी आणि क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. मी धावतच गेलो. डॉक्टरांसमोर उभा राहिलो आणि पुन्हा अर्धेच खरे बोललो. “ऍस्पिरिन त्याला सोसत नाही असं दिसतं.”

डॉक्टरांनी तांबूच्या हिरड्या पाहिल्या. त्या फिकट पडल्या होत्या. “ऍस्पिरिन बंद,” ते म्हणाले. “पोटातली जखम भरून येईपर्यंत दुखण्यावर दुसरं काहीही देता येणार नाही. आता त्याला सोसावं लागेल.” त्यांनी पोटासाठी एक पांढरे मिक्सचर दिले. “वाचला तर पायाचं पुढं बघू.”

ते दिवस मला धुक्यात पाहिल्यासारखे आठवतात. पूर्वी तो दुपारचा थोडा वेळ कण्हत असे. आता सकाळ-संध्याकाळ कण्हत होता, आणि माझ्या डब्यातल्या साऱ्या पुड्या निरुपयोगी होत्या. जानकी तांदळाची पेज बोटाने त्याच्या ओठांना लावी. सूज उतरल्यावर डॉक्टरांना विचारून ती जाड मीठ तव्यावर तापवी, फडक्यात पुरचुंडी बांधून आधी आपल्या गालाला लावून पाही आणि मग त्याच्या खांद्यावर धरी. तिन्हीसांजेला पडवीत ती दोघे अशी बसलेली असत. मीठ निवे, ती पुन्हा तापवी. मी चुलीत लाकडे सारी. तेवढे एकच काम माझ्याकडे उरले होते.

शिमग्याला धर्मा तिला न्यायला आला.

“बाय, चल. आई वाट बगते. होळीच्या नाचाला तुज्याशिवाय सूर धरनारी कोन हाय?”

“मना नको बोलवू,” ती म्हणाली. “एकदा दार इसरले, काय झालं ते बगितलंस ना?”

“दाराचं काय येवढं? कुत्रा हाय तो, दारानं नाय तर कुंपनातनं ग्येला असता.”

“नसता ग्येला,” जानकी म्हणाली.

धर्माने माझ्याकडे पाहिले. मी चुलीकडे पाहिले.

तांबू वाचला. हळूहळू हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या. एका सकाळी त्याने वाडग्यातला भात आपणहून चाटूनपुसून खाल्ला आणि जानकी वाडगा हातात धरून उभीच राहिली. पुढे पाय सुटा झाला, पण खांदा पूर्वीसारखा झाला नाही. तो कायमचा लंगडू लागला. घुंगरू ऐकले की तो दारापर्यंत जाई आणि थांबे. मग धर्मा खाली उतरून त्याला उचलून पोत्यांवर बसवी.

मी पुड्या देणे सोडले नाही, पण देताना बोलू लागलो. “आज घरी बसशील तर देतो,” असे म्हणे. माणसे हसत. धर्मा म्हणाला, “दाजी, घरी बसायचं असतं तर पुडी कशाला मागितली असती?” किती जणांचे खांदे मी असे पुन्हा पुन्हा चरावरून उडी मारायला पाठवले असतील, हे मला आजही माहीत नाही.

ज्यांना आज हे करावे लागत आहे, त्यांना मला एवढेच सांगायचे आहे. माणसाची पुडी जनावराला देऊ नये. रिकाम्या पोटी काही देऊ नये. ते थोडे कण्हले तर त्याच्याशेजारी जाऊन बसावे. बसवत नसेल, तर आपल्याला नेमके काय सहन होत नाही ते आधी तपासावे. आणि हातून जास्त गेले, तर डॉक्टरांना त्याच वेळी सांगावे. लाज ही आपली असते, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या पोटातून जाते.

जानकीला एक सवय जडली. रोज संध्याकाळी ती परसाची कडी लावी, येऊन बसे, आणि थोड्याच वेळात पुन्हा उठून कडी हलवून पाही. कधी तिसऱ्यांदाही. वर्षे गेली, गावात विजेचे दिवे आले, तिचे केस पांढरे झाले. त्या कडीचा आवाज मी रोज ऐकला.

यंदाच्या थंडीत तांबूचा तो जुना खांदा धरला. तो आता म्हातारा आहे, तोंड पांढरे झाले आहे. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि जपून द्यायला सांगितले. घरी आल्यावर मी ती जानकीपुढे धरली. तिने हात मागे घेतला.

“तुमीच द्या,” ती म्हणाली. “माज्या हाताचा भरवसा नाय. काय इसरले तर?”

ज्या हातांनी त्याला वाचवले होते, त्या हातांबद्दल ती बोलत होती.

त्या संध्याकाळी तांबूला भात आणि मग गोळी देऊन झाली. तो पडवीत झोपला. जानकी कडी लावून आली, बसली, आणि पुन्हा उठू लागली.

“बस जरा,” मी म्हणालो. “कडी लागली आहे. मला काही सांगायचं आहे.”

आणि मी सांगितले. दुपारची पुडी, गुळाचा खडा, तिची पाण्याला जाण्याची वेळ, दवाखान्यातले उत्तर, वाढलेली मात्रा. सांगताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तिचा हात तांबूच्या खांद्यावर होता.

“दार त्याच्या आदी पन उघडं राहत होतं?” तिने विचारले.

“बऱ्याचदा. मी पाहिलं होतं. तो कधी उठला नव्हता.”

“आनि तुमी मना सांगितलं नाय.”

“नाही.”

बाहेर खाडीवरचा उजेड विरत होता. झोपेत तांबूचे पाय हलू लागले. चारही. तो कुठल्या तरी पांढऱ्या बांधावरून पळत होता, आणि आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत बसलो. मग जे इतक्या वर्षांत तोंडातून निघाले नव्हते, ते मी मोठ्याने म्हणालो.

“दाराचं काही नव्हतं, जानकी, आणि तुझंही नव्हतं. पुडी मी दिली. खोटं मी बोललो. आणि इतकी वर्षं तुला त्या कडीपाशी उभं राहू दिलं. माझं चुकलं. मला माफ कर.”